टिपणीस सरांचा घरजावई

टिपणीस सर आमच्या प्रसूतिगृहाच्या दारात पहिल्यांदा आले, तेव्हा ओट्यावर बसलेल्या पोरांनी त्यांच्याकडे कुल्फी मागितली. पोरांची काही चूक नव्हती. डोक्याला पांढरी टोपी, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि लुनाच्या मागे सुतळीनं आवळून बांधलेला बर्फाचा डबा. सरांनी लुना स्टँडला लावली, डबा उघडून दाखवला आणि सांगितलं की कुल्फी नाही, पण बर्फ आहे, हवा तर घ्या. पोरांनी मुठी भरून बर्फ नेला. मग सर आत आले आणि मला म्हणाले, "सिस्टर, मला वार हवी आहे. ताजी. तासाभराच्या आतली."

मी मूळची साताऱ्याची, तोंडाची फटकळ. नवऱ्याची नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात म्हणून आम्ही इकडे आलो आणि मला नावड्याच्या या लहानशा प्रसूतिगृहात सिस्टरचं काम मिळालं. बाळ मागायला आलेली माणसं मी पाहिली होती, नवस फेडायला आलेली पाहिली होती. बाळामागून येणारी वार मागायला आलेला हा पहिलाच. मी विचारलं, "कशाला? लोणचं घालायला?"

सर इतके हसले की त्यांना भिंतीला धरून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसत अगदी मनापासून म्हणाले की नाही हो, मिठात ती टिकत नाही, बर्फच लागतो.

अशी आमची ओळख झाली. साल असेल त्र्याण्णव. सर तेव्हा बावन्न वर्षांचे, बिनलग्नाचे, तळोज्याच्या बाजूला असलेल्या एका संशोधन संस्थेत कामाला. त्यांना वारेबद्दल जेवढं ठाऊक होतं तेवढं आमच्या डॉक्टरीणबाईंनाही नव्हतं, आणि तान्ह्या बाळाबद्दल काडीचंही ठाऊक नव्हतं. बाळ रडलं की दचकायचे. वार मात्र दोन्ही ओंजळीत अशी धरायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत्ता हिचा पापा घेतात की काय.

त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. बाळ म्हणजे अर्धा बापाचा ऐवज. आईच्या शरीराला ते परकंच. एरवी बोटात काटा रुतला तरी शरीर पू करून त्याला बाहेर हाकलतं, मग हे एवढं परकं नऊ महिने कसं काय नांदवून घेतं? सरांचं म्हणणं, गोम वारेत आहे. वारेत एक पापुद्रा असतो, त्यातल्या पेशी एकमेकींत विरघळून एकसंध झालेल्या असतात. मध्ये कुठे भिंत नाही, सांधा नाही. आईची बाजू आणि बाळाची बाजू त्या पापुद्र्यानं वेगळी राखलेली. तर या पेशींना एकमेकींत विरघळवतं कोण?

"कोण?" मी विचारलं.

"व्हायरस," सर म्हणाले. "फार जुना व्हायरस. एड्सचा व्हायरस आहे ना, त्याचा लांबचा नातेवाईक."

झालं. शेजारच्या खोलीत बाळंतिणीची सासू बसली होती. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावात बातमी, की दवाखान्यात एड्सची वार तपासायला माणूस आलाय. ते दिवसच तसे होते, एड्सचं नाव काढलं की लोक पाण्याचा पेला विसळून घ्यायचे. डॉक्टरीणबाई भडकल्या. या माणसाला पुन्हा दारात उभं करायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मी सरांना म्हटलं, अहो, नातेवाईक कशाला सांगायचा, नुसतं 'तपासणी आहे' म्हणायचं होतं. सर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. अर्धवट खरं सांगायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तरी हा माणूस दुसऱ्या दिवशी हजर. बर्फासकट. डॉक्टरीणबाईंनी हात जोडून सांगितलं, की मी हो म्हणून उपयोग नाही, इथे चालतं जानकीबायचं.

जानकीबाय म्हणजे नावड्याची सुईण. सत्तरीची आगरीण, कासोटा घातलेलं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दवाखाना निघाला तेव्हा गावच्या बाया तिच्याशिवाय आत पाऊल टाकेनात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिलाच मदतीला ठेवून घेतलेली. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी वार मडक्यात घालून घरी जायची. तिच्यावर हळद, कुंकू, मूठभर मीठ. परसात खड्डा करून पुरायची आणि वर रिकामं मडकं पालथं घालायचं, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. ही तिथली रीत, आणि रीतीचा कारभार जानकीबायकडे.

मी सरांना तिच्या घरी नेलं, तसे ते तिच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसले. ती तांदूळ निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, एड्सच्या नातेवाईकासकट. मी कपाळावर हात मारला. पण या खेपेला पुढचंही सांगितलं. म्हणाले, "जानकीबाय, लाखो वर्षांपूर्वी हा दरोडेखोर म्हणून आपल्यात शिरला. लुटून पळून जायचं, तर हा राहिलाच. घरजावई झाला. पिढ्यान् पिढ्या आपल्याच घरात खातोय. त्याची बरीचशी भावंडं नुसती पडून असतात, काही कामाची नाहीत. काही बिघडतात, घरात दुखणी लावतात असा संशय आहे. पण एक जण कामाला लागलाय असं मला वाटतं. आल्या बाळासाठी तो दार राखतो."

जानकीबायचे हात थांबले. ओसरीवर तिचा म्हातारा बिडी ओढत बसला होता, त्याच्याकडे तिनं मान वळवून पाहिलं आणि खदखदून हसायलाच लागली. सुपातले तांदूळ सांडले. म्हातारा घरजावई होता! चाळीस वर्षं तिच्या बापाच्या घरात राहिलेला.

"यो पन कामाचा निंगल काय, बघा जरा," ती म्हणाली.

"अजून माहीत नाही," सर गंभीरपणे म्हणाले, "पण मजा आहे."

हे त्यांचं पालुपद. काहीही विचारा. कॅन्सर होतो का त्यानं? अजून माहीत नाही, पण मजा आहे. सगळ्याच जनावरांत असतो का? अजून माहीत नाही. माहीत नाही हे सांगताना सरांचा चेहरा असा खुलायचा, की आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींची उगाच लाज वाटावी.

जानकीबायनं परवानगी दिली, पण अटी घालून. आईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अंगठ्याएवढाच तुकडा घ्यायचा. आणि ज्याचा हात लागला त्यानंच बाकीची वार आपल्या हातानं पुरायची. शिवाय पुरणारा तो आईच्या माहेरचा झाला, म्हणजे बाळाचा मामा, म्हणजे बारशाला यायला पाहिजे. सर सगळ्याला हो हो म्हणत गेले. शेवटी तिनं बोट वर केलं. "आनि काम झालं का तो तुकरा परत आनाचा. आर्धी मातीन आनि आर्धी तुमच्या डब्यान, आसं नाय चालनार."

"आणीन," सर म्हणाले.

तेव्हा कुणाला काय ठाऊक, हा एक शब्द पुढे केवढ्याला पडणार आहे ते.

मग सहा वर्षं आम्ही हे दृश्य पाहिलं. परदेशात जाऊन शिकून आलेला माणूस, पँट घोट्यावर दुमडून, कुणाच्या परसात कुदळीनं खड्डा खणतोय. पहिल्यांदा हाताला फोड आले. नंतर इतका सराव झाला, की माती बघून सांगायचे, इथे दगड लागणार. प्रत्येक जागेचा वहीत नकाशा काढायचे. 'विहिरीपासून सात पावलं, म्हशीच्या खुंट्याच्या डावीकडे.' म्हैस विकली तर नकाशा दुरुस्त करायला यायचे. बारशाला कुंची आणि झबलं घेऊन हजर. बाळ मांडीवर दिलं की काचेची बरणी दिल्यासारखे ताठ बसायचे आणि कानाशी काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं. ते म्हणत होते, "आलास ना नीट? कोण होतं रे दारात?"

संस्थेत मात्र त्यांचं हसं व्हायचं. व्हायरस बाळाला सांभाळतो, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. साहेबानं सांगून टाकलं होतं, की निवृत्तीपर्यंत काय ते सिद्ध करा, नंतर फ्रीझर रिकामा करायचा. सरांना मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली वारेच्या पापुद्र्यात त्या व्हायरससारखे बारके गोळे दिसले होते. त्याचं प्रथिनही तिथेच सापडलं होतं, अगदी त्या विरघळलेल्या पेशींत. पण जागेवर सापडला म्हणजे काम त्यानंच केलं असं होत नाही. तेवढं एक दाखवायचं राहिलं होतं. त्या एकाच गोष्टीवर त्यांचं सगळं आयुष्य अडकून होतं, हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. तरी मला कळायचं. संस्थेतून आले की ते ओट्यावर पाच मिनिटं हातातली टोपी फिरवत बसायचे, आणि मग "आज कोण आलंय?" म्हणून बाळांची चौकशी करायला उठायचे.

एक गोंधळ मात्र त्यांनी मोठा केला. सुमन आणि वनिता, सख्ख्या जावा, एकाच सकाळी बाळंत झाल्या. वनिताला मुलगा, सुमनला मुलगी. सासूचा हुकूम आला, की मुलाची वार अंगणातल्या नारळाखाली आणि मुलीची मागे मोरीपाशी. सर दोन मडकी लुनावर लावून गेले. शाईनं लिहिलेल्या चिठ्ठ्या बर्फाच्या पाण्यानं भिजून कोऱ्या झालेल्या. आमच्याकडे त्या दिवशी तिसरी बाई अडलेली, फोन करून विचारणार कुणाला! यांनी अंदाजानं पुरल्या आणि आले.

दुसऱ्या दिवशी सर पांढरे फटक पडून आले. वजनांची नोंद पाहिल्यावर उलगडा झाला होता. जड वार मुलीची, आणि नारळाखाली पुरताना जे मडकं जड लागलं होतं तेच. म्हणजे मुलगी नारळाखाली, मुलगा मोरीपाशी. सर निघालेच होते सासूला सांगायला. मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, खबरदार. सुमनला ती म्हातारी जगू देणार नाही. तुम्हाला कुणी विचारलंय का? नाही ना? मग न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

सरांना हे पटायला दोन कप चहा लागला. त्यानंतर त्या घरी गेले की नारळाकडे पाठ करून बसायचे. नारळ समोर आला की कान लाल.

नव्व्याण्णव साल उजाडलं. सर निवृत्त व्हायला महिना राहिला आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशातून फोनवर बोलला. तिथली एक प्रयोगशाळा हेच काम करत होती. तुमचे सगळे तुकडे पाठवा, म्हणाला, तुमचं नाव कामात येईल, राहिलेलं तेवढं आम्ही दाखवू. फ्रीझरमध्ये त्रेचाळीस तुकडे होते. मला इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथे साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. सर मात्र साखर हातात धरून उभे. म्हणाले, "सिस्टर, तिकडे गेलेले परत येणार नाहीत. ते कामातच संपतील."

गेले जानकीबायकडे. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की मला काय इचारतोस, त्यांच्या आयांना इचार.

म्हणून एका रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर त्रेचाळीस बाया जमल्या. पोरंही आली, काही शाळेत जायच्या वयाची झालेली. मामा, मामा म्हणून सरांच्या अंगावर चढत होती. सरांनी उभं राहून सांगितलं, की असं असं आहे, पाठवले तर माझं काम पुरं होण्याची शक्यता आहे. बाया लगेच माना डोलवायला लागल्या. न्या की मग, तुमी काय परके हाय का? आणि कुणीतरी सहज विचारलं, काम झाल्यावर परत आनाल ना?

मी मागे उभी होते. मी मनात म्हणत होते, म्हणा हो. एकदाच म्हणा. कोण बघायला येणार आहे!

"नाही," सर म्हणाले. "परत येणार नाहीत."

एकेकीचं तोंड उतरलं. नाही म्हणणं त्यांना जड जात होतं, हो म्हणवत नव्हतं. तेवढ्यात मागून सुमन उठली. ही बाई चार वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलली नसेल.

"माझी न्या," ती म्हणाली. "परत नाय आली तरी चालंल. माझे पोरीची नारलाखाली हाय, तेवढी पुरे."

सरांचे कान लाल झाले. सासू त्या दिवशी आली नव्हती हे नशीब. सुमननं शांतपणे सांगितलं, की दवाखान्यात तिनं आपल्या मडक्याला काळा दोरा बांधला होता, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून. घरी आली तर ते दोऱ्याचं मडकं नारळाखाली पालथं. चार वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नाही. रोज त्या नारळाला पाणी मात्र घालत होती. मला रडू आलं. आलं तर आलं, मी काही लपवलं नाही.

सुमनच्या मागोमाग दहा जणी उठल्या. बत्तीस जणी नाही उठल्या. सरांनी त्यांच्यापुढेही तेवढेच मनापासून हात जोडले.

परदेशातून उत्तर आलं, की अकरा फार कमी आहेत, एवढ्यात काम होणार नाही. सरांनी ते आमच्या ओट्यावरच वाचलं. मी भडकले. म्हटलं, एक शब्द खोटा बोलला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? सहा वर्षं मातीत घातलीत! सर कागदाची घडी घालत म्हणाले, "सिस्टर, मी इतकी वर्षं खरं काय तेच शोधत होतो ना? मग त्यांनाच खोटं कसं सांगू?"

मग त्रेचाळीसचे त्रेचाळीस तुकडे परत आले. तीन दिवस रोज सकाळी सर नकाशाची वही घेऊन गावभर फिरले आणि पहिल्या सकाळी कुदळ धरायला मी सोबत गेले. सुमनच्या अंगणात सर नारळाखाली खणायला लागले तशी सासू बाहेर आली. तिनं विचारलं, ही कुणाची? आता विचारलंच होतं. सरांनी माझ्याकडे असहाय नजरेनं पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं, जड मडक्यापासून. म्हातारी ऐकत राहिली. नातवाकडे पाहिलं, मोरीपाशी वार पुरलेला तो पोरगा चांगला गुटगुटीत, चिखलात लोळत होता. नातीकडे पाहिलं. मग मान वर करून नारळाकडे पाहिलं. चार पेंडी लटकल्या होत्या.

"तरीच," ती म्हणाली, "यवरे नारल कधी लागलं नव्हतं." आणि सुनेला हाक मारून म्हणाली की मामांना शहाळं काढून दे.

सर निवृत्त झाले आणि आमच्याकडे येणं कमी झालं. नवं साल लागलं, दोन हजार. महिना-दीड महिना उलटला असेल. सकाळी लुनाचा आवाज आला. मागे तोच डबा, तशीच सुतळी. पोरं धावली. डब्यात या वेळी बर्फ नव्हता, पेढे होते. सरांना धड बोलता येत नव्हतं इतके ते आनंदात. परदेशात कुणीतरी दाखवलं होतं. त्या जुन्या व्हायरसचंच प्रथिन पेशींना एकमेकींत विरघळवतं. दरोडेखोर खरंच दार राखत होता. छापून आलं होतं. सरांचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

आम्ही दोघं पेढे वाटत वाटत सुमनच्या अंगणापर्यंत गेलो. तिची मनीषा नारळाच्या आळ्यात बसून भातुकली मांडत होती. तिनं पेढा घेतला आणि विचारलं, "कोनाचं बारसं हाय, मामा?"

"घरजावयाचं," सर तिच्यासमोर उकिडवे बसत म्हणाले. "आजवर नुसता बिननावाचा राबत होता. आता त्याच्या प्रथिनाला नाव मिळालं."

"तुमी ठेवलं?"

सर हसले. तेच ते पहिल्या दिवसाचं, भिंतीला धरायला लावणारं हसू त्यांच्या तोंडभर पसरलं.

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. "नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी मामा."

आणि पेढ्यांचा डबा तिच्या मांडीवर ठेवून, तिच्या भातुकलीतला रिकामा कप उचलून त्यांनी मोठ्या चवीनं चहा प्यायला.